क्रमांक जुळला तरी

चष्म्याचा नंबर वाढला तशी वायफाय कार्डावरची बारीक छपाई वाचायचं काम माझ्या हाताखालच्या मुलीकडे गेलं. कार्डांचे क्रमांक पाठ असणं हा माझा तोरा होता. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे एथेरॉस, ८०८६ म्हणजे इंटेल. पुढचे चार आकडे ऐकले की ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे की बाहेरून आणायचा, हे मी तिथल्या तिथे सांगायचो. ब्रॉडकॉमचं ४३१५ असेल तर बी४३ चालतो, फर्मवेअर तेवढं वेगळं घालायचं. ४३६५ असेल तर कंपनीच्या बंदिस्त 'डब्ल्यूएल'शिवाय इलाज नाही. गिऱ्हाईक थक्क व्हायचं आणि मला ते फार आवडायचं. ही मुलगी पाठ काहीच करत नाही. कर्नलच्या मॉड्यूल्स-एलियस फाइलमध्ये क्रमांक शोधते आणि माझ्याआधी उत्तर देते. ते माझ्या मनाला लागतं.

पण ज्या कार्डाने मला वर्षानुवर्षं छळलं, त्याचं उत्तर त्या फाइलमध्येही नाही. रिअलटेकचं ८७२३बीई, क्रमांक १०ईसी:बी७२३. ड्रायव्हर कर्नलमध्येच, फर्मवेअर जागेवर, डीमेसेजमध्ये तक्रार नाही. राउटर शेजारी असेल तर रेंज भरपूर. भिंतीपलीकडे गेलं की सगळं गायब. कार्डावर अँटेनाला जागा दोन, लॅपटॉप बनवणाऱ्याने वायर मात्र एकच जोडलेली. ती कुठे जोडली हे कार्डातल्या ईफ्यूजमध्ये नोंदवायचं असतं आणि कितीतरी मशिनांत ती नोंदच चुकीची. ड्रायव्हर बिचारा मोकळ्या जागेशी कान लावून बसतो. मग अँटेना निवडीचा पर्याय हाताने द्यायचा: कुठे १ लागतो, कुठे २. मशीन उचलून जिन्यापर्यंत चालत गेल्याखेरीज कळत नाही.

बाजारातले बरेच जण इथे यूएसबी डोंगल गळ्यात मारतात. धडधाकट कार्ड मोडीत काढणं मला पाहवत नाही. 'इंटेलचं घाला' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. एएक्स२०१ चं अर्धं काम इंटेलच्याच चिपसेटमध्ये होतं; एएमडीच्या मशीनमध्ये ते चालतच नाही, तिथे एएक्स२०० लागतं. आणि आता तर कितीतरी लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं येतं. म्हणून लॅपटॉप विकत घेण्याआधी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बघा, असं मी सगळ्यांना सांगतो.

मुलीने वही केली आहे: मॉडेल, क्रमांक, अँटेना १ की २. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मी ते कुणाला दिलं नव्हतं. त्यासाठी लोकांनी माझ्याकडेच यावं असं वाटायचं. परवा तिने समोरच्या दुकानातल्या पोराला त्या वहीचा फोटो काढू दिला. मला रुचलं नाही. त्याच्याकडे अडकलेलं मशीन मात्र संध्याकाळी चालू होऊन गेलं.