व्हॅन, स्पॉयलर आणि ताळेबंद

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र हे वाक्य पचत नाही. खर्च झाला की तो कोणत्या तरी सदरात बसलाच पाहिजे, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. यंदा आमच्या घरी असाच एक खर्च दारात उभा राहिला आणि त्याचे सदर शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

माझा थोरला भाऊ लग्नकार्यात जेवणाच्या ऑर्डरी घेतो. त्याच्यापाशी जुनी मारुती ओम्नी आहे. १९८४ साली निघालेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरी आमच्या बेळगावात ती अजून ठिकठिकाणी भेटते. दादाच्या मनाने घेतले, की गाडी दोन इंच खाली घ्यायची आणि मागे स्पॉयलर लावायचा. पैसे होते ते लग्नसराईच्या तयारीसाठी बाजूला ठेवलेले. "तू अकाउंट्स शिकतोस ना? मग मांड हिशेब," तो म्हणाला.

आधी जमेची बाजू. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी झुकते. ओम्नीसारख्या उंच, अरुंद गाडीला हा फायदा खराच.

आता नावे बाजू. रिकाम्या ओम्नीच्या पोटाखाली सुमारे साडेसोळा सेंटिमीटर जागा असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो. गल्लीतले गतिरोधक तर कोणतेच माप पाळत नाहीत. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर वजा केले, की उरतात साडेअकरा. त्यात पातेली, शेगड्या आणि तीन माणसे बसली की मागचे पाटे आणखी दबतात. खरे म्हणजे लग्नसराईत आमची व्हॅन फुकटातच खाली बसलेली असते! स्प्रिंग कापली तर धक्का गिळायला जागाच उरत नाही. तो गाडीच्या सांगाड्याला बसतो आणि आमटीच्या पातेल्यालाही.

स्पॉयलरचा सारा खेळ वाऱ्याचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला जो जोर असेल, त्याचा नववा हिस्साच ताशी ४० ला मिळतो. आमची ७९६ सीसीची भरलेली गाडी चाळीसनेच जाते, आणि तेच बरे. शर्यतीच्या मोटारीला तो पंख शोभतो. आमच्या गाडीवर तो चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ठरेल.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदलांना मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी तर गाडीखाली वाकून पाहिले आणि एवढेच विचारले, "याक बेक्री?" कशाला पाहिजे हो? कन्नडात म्हण आहे, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." आपणही अंथरूण पाहूनच पाय पसरतो. दोन भाषा, पण शहाणपण एकच.

हिशेब ऐकून दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मांडवात सगळे जेवणाची तारीफ करतात. गाडी मात्र मागच्या दाराला लावायला सांगतात. कुणाची गाडी, हे कुणी विचारीत नाही."

माझ्या कागदावर या वाक्याला रकाना नव्हता. पण पुस्तकपालनात एक मालमत्ता डोळ्यांना दिसत नाही आणि तरी ताळेबंदात मानाने बसते. तिला आम्ही ख्याती म्हणतो. दादाला हवी होती ती हीच. ती स्पॉयलरने मिळाली नसती, एवढेच.

पैशांतून नवे पाटे आणि ब्रेक लायनर आले. उरलेल्यात पेंटर बोलावला. आता गाडीच्या दोन्ही अंगांवर, मराठीत आणि कन्नडात, दादाचे नाव ठसठशीत उभे आहे. गेल्या आठवड्यात एका यजमानांनी ते वाचून बारशाच्या जेवणाची चौकशी केली. ही नोंद मात्र मी जमेला घेतलेली नाही. ऑर्डर पक्की होईपर्यंत घेता येत नाही.