पाच मिनिटांचा हिशेब

बदलीच्या काळात आम्ही काही वर्षे नाशिकरोडहून मुंबईला रोज ये-जा केली. पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक म्हणजे एक कुटुंबच. 1 नोव्हेंबर 1975 रोजी ही गाडी सुरू झाली आणि कितीतरी नोकरदारांचे संसार तिने सांभाळले. एखाद्या लहान स्टेशनासाठी थांब्याची मागणी झाली की डब्यात कुरकुर सुरू व्हायची, "आणखी पाच मिनिटे गेली!" त्या कुरकुरीत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या खेरवाडीच्या आत्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन पॅसेंजरने नाशिकरोडला यायच्या. मार्च 2020 मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. एक्सप्रेस हळूहळू परतल्या, पण पॅसेंजरच्या जागी मेमू यायला जानेवारी 2022 उजाडला. तोवर आत्या काळी-पिवळीने येत, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. डब्यातली कुरकुर आम्ही त्यांना सांगितली तेव्हा म्हणाल्या, "बाळा, तुमची पाच मिनिटं जातात. माझी भाजी सुकली की दिवस जातो."

आम्ही पडलो बी.कॉम., वही काढली. दोन मिनिटांचा थांबा दोन मिनिटांत आटोपत नाही. वेग उतरवणे आणि पुन्हा घेणे धरून चार-पाच मिनिटे जातात. नाशिकरोड ते मनमाडदरम्यान ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट ही सात स्टेशने. सगळीकडे थांबणारी गाडी अर्धा तास मागे पडणारच. म्हणजे पासधारक अगदीच खोटे बोलत नव्हते.

प्रत्येक गाडीने सगळीकडे थांबावे, ही मागणी म्हणूनच आम्हाला पटत नाही. सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या पुरेशा हव्यात. मेमूच्या मोटारी डब्यांखालीच असतात, त्यामुळे ती वेग लवकर घेते आणि तिला थांबा स्वस्त पडतो. शिवाय गाड्या नुसत्या मोजून भागत नाही. चारपैकी दोन पाठोपाठ गेल्या तर उपयोग तीनचाच. स्वित्झर्लंडमध्ये 1982 पासून बहुतेक मार्गांवर दर तासाला त्याच मिनिटाला गाडी सुटते, वेळापत्रक पोरासोरांनाही पाठ. आपल्याकडे मालगाडी, मेल आणि पॅसेंजर एकाच रुळांवर. मागून वेगवान गाडी आली की पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी. तिच्यात बसलेल्यांच्या रोजगाराचा हिशेब कोणी मांडत नाही.

सध्या आम्ही गावोगावी सह्या घेत आहोत. "थांबा द्या" एवढेच न लिहिता, कोण, कशासाठी, किती वाजता जातो, हेही लिहून घेतो. शाळकरी मुली, कंपनीतले कामगार, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. आत्यांनी सही केली आणि वेळेच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : सकाळी सातच्या आत.