उन्हाचे मलम आणि कमरेची नाडी

गावातल्या मुली कल्याण-डोंबिवलीला कॉलेजात जाऊ लागल्या, तशी त्यांच्या पिशवीतून सनस्क्रीनची ट्यूब मुरबाड-शहापूरकडच्या घरांत आली. साहजिकच आया विचारू लागल्या, "साहेब, पोरगी घटकाभर उन्हात जायची तर तोंडाला मलम चोपडते. आम्ही राब भाजतो, भर उन्हात भेंडी तोडतो. आम्हाला नको का? उन्हानं कातडीचा कॅन्सर होतो म्हणे!" बियाणे आणि खतांच्या सभेत हा प्रश्न वारंवार येतो. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण जाणत्यांकडून समजून घेतलेले आपल्यापुढे ठेवतो.

आधी उन्हाचे पाहू. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीची वस्ती मोठी आणि ऊन कडक, म्हणून तेथे कातडीचा कर्करोग फार. सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला, असा प्रचार तेथे १९८१ साली सुरू झाला. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असते. ते पुष्कळसे ऊन अडवते, म्हणून उन्हामुळे होणारा हा रोग आपल्याकडे बराच कमी. तरी उन्हाने वांग वाढतात, ओठ फुटतात, मोतीबिंदूचा धोका वाढतो. शिवाय अंगावर कोड असेल, किंवा कोणी जन्मतःच पांढऱ्या कातडीचे व केसांचे असेल, तर त्यांना ऊन लवकर भाजते. जन्मतः पांढऱ्या कातडीच्या माणसाला कर्करोगाचा धोकाही मोठा. अशांनी मलमाला चैन समजू नये.

मलम घ्यायचे तर वेष्टनावर तीन गोष्टी पाहा. एसपीएफचा आकडा ३० किंवा अधिक हवा. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे लिहिलेले हवे, म्हणजे दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडतात. मुदत संपलेली नसावी. घामाने न उतरणारे मिळाले तर उत्तम. किंमत जास्त म्हणजे गुण जास्त, असे नाही. उन्हात जाण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे. तोंड व मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. गोरे करण्याचे म्हणून विकले जाणारे मलम ते हे नव्हे. स्टेरॉईड असलेले मलम तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तोंडाला लावूच नये; कातडी पातळ होते.

शेतात मात्र पहिली भिस्त कापडावर ठेवा. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावरून मानेपर्यंत पदर किंवा रुमाल, रुंद काठाची टोपी आणि दुपारच्या उन्हात झाडाखाली विसावा. जे अंग कापडाने झाकत नाही, तेवढ्यापुरते मलम.

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला, ते सांगतो. आपल्याकडे कातडीचा कर्करोग उन्हाने न पोचणाऱ्या जागीही होतो. काश्मिरात थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरतात, तेथे पोटावर आणि मांडीवर होणारा कर्करोग जुना माहीत आहे. आपल्या मुंबईत टाटा रुग्णालयात काम करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्यबाई यांनी १९४५ साली धोतर कमरेला जेथे आवळले जाते तेथल्या कर्करोगाची नोंद केली. त्याला 'धोतराचा कर्करोग' असेच नाव पडले. पुढे साडीचाही नोंदला गेला. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांची हकिकत छापली. एकीला परकराची नाडी घट्ट बांधायची सवय, दुसरी चाळीस वर्षे लुगडे कमरेला आवळून नेसत आलेली. दोघींच्या कमरेच्या उजव्या बाजूला भरून न येणारी जखम झाली. दुसरीचा रोग जांघेतल्या गाठीत पोचला होता.

हे घडते कसे? नाडी रोज एकाच जागी घासते, त्यात घाम. कातडी काळी पडते, सोलते, चिरते, भरते आणि पुन्हा चिरते. वर्षानुवर्षे असे चालले तर क्वचित कोणाच्या जखमेत कर्करोग उद्भवतो. राब भाजताना किंवा चुलीवर भाजलेल्या जुन्या व्रणातही असेच होऊ शकते. प्रत्येक काळा पट्टा म्हणजे रोग नव्हे. तेव्हा भिऊ नका, पण नजर ठेवा.

महिला बचतगटाच्या सभेत मी हे बोललो तेव्हा बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. मग मागून एक आजी म्हणाल्या, "साहेब, नाडीचा पट्टा कोणाला नाही? लग्नापासून आहे. पण कंबर दाखवायची कुणाला?" वाचकहो, खरी अडचण या प्रश्नात आहे. लावणीत दिवसभर वाकायचे, चिरले तर हळद आणि खोबरेल लावायचे आणि गप्प राहायचे, हा आपल्या बायांचा रिवाज.

तेव्हा एवढे करा. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, सैल बांधा, बांधायची जागा अधूनमधून बदला. घामाने भिजलेले कापड घरी येताच बदला. तीन-चार आठवड्यांत न भरणारी, कडा जाड झालेली, रक्त किंवा दुर्गंधी येणारी जखम दिसली, किंवा जुन्या व्रणाला नवे तोंड फुटले, तर मलमे बदलत बसू नका. आशाताईला सांगा, बाई डॉक्टर मागून घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितला तर नाही म्हणू नका. सुरी लागली की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. वेळेवर कळलेला हा रोग बहुधा शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो.

पुरुष मंडळींनाही सांगणे आहे. पिकावर कीड दिसली की तुम्ही पान तोडून माझ्याकडे धावत आणता. येत्या रविवारी घरातल्या आईला, आजीला आणि कारभारणीला विचारा, "कमरेला काही दुखतं का?" आणि होय म्हणाल्या, तर भेंडीची तोडणी एक दिवस राहू द्या.