चांदणी जुळेना!

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. वय अठ्ठ्याऐंशी. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्यानं दिसतं ते धुक्यातून. पण गेल्या दिवाळीत पुण्याच्या नातसुनेला दिवस गेल्याचं कळलं मात्र, "पणतूची गोधडी मीच शिवणार," असं जाहीर झालं. मी म्हटलं, "आत्याबाई, हल्ली तयार मिळतात हो." त्यावर एकच उत्तर : "इकत भेटस, पन ती काय गोधडी शे?"

झालं. ट्रंक निघाली. आत्याबाईंचं माहेर जळगावचं, वडील खानदेश मिलमध्ये. ती मिल कधीच बंद पडली, पण आईची लुगडी ट्रंकेत अजून शाबूत. धुवून धुवून मऊ झालेलं हे सूत तान्ह्या बाळाला जितकं मानवतं तितकं नवं कापड मानवत नाही.

एरवी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळं आणि धावदोरा. बाळाच्या गोधडीवर मात्र आमच्या घरात चांदणी हवी. एक तांबडी, एक पिवळी अशा आठ शंकरपाळ्या मध्यभागी टोकाला टोक लावून जोडायच्या. उरलेल्या खाचांत चार कोपऱ्यांना चौकोन, चार बाजूंना त्रिकोण. दिसायला देखणी, शिवायला महाद्वाड!

मी जन्मभर धुळ्याच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणून हा हिशेब सांगते. शंकरपाळीचं टोक ४५ अंशांचं. आठ टोकं मिळून ३६०. प्रत्येक टोक एका अंशानं जरी चुकलं तरी मध्ये आठ अंशांची चूक साचते. मग एक तर भोक राहतं, नाही तर कापड पापडासारखं फुगतं. त्यातून तिरकस कापलेली कड ताणली की लांबते. आणि खाचेत चौकोन बसवताना शिवण ऐन कोपऱ्यात थांबवून, कापड वळवून पुढं न्यायची. अमेरिकेत हीच चांदणी ‘लेमॉइन स्टार’ म्हणून ओळखली जाते आणि तिथल्या बायकाही या खाचांना वैतागतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आत्याबाईंनी एक चांदणी पंधरा दिवसांत केली. मध्यभागी चक्क उंचवटा! त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि कापड बाजूला ठेवलं. दोन दिवस शिवणाचं नाव नाही. जेवणही दोन घासांवर आलं. तेव्हा मात्र माझ्या पोटात कालवलं.

रात्री चौकटीच्या वहीचं पान घेऊन बसले. आमचं जुनं धुळं, कॅप्टन ब्रिग्जनं आखलेलं, एकमेकींना समांतर अशा सरळ गल्ल्यांचं. म्हटलं, चांदणीलाही गल्ल्या पाडून पाहू. चार गल्ल्या, दर गल्लीत चार घरं, एकूण सोळा. कोपऱ्यांवरची चार घरं पांढरी. बाकीची बारा कर्णावर चिरून दोन रंगांची. कडेच्या आठांत रंग आणि पांढरं, मधल्या चारांत तांबडं आणि पिवळं. दोन त्रिकोण मिळून एक पाकळी, आणि पाकळ्या आठच्या आठ!

दुरंगी घर करण्याची युक्ती सोपी आहे. दोन रंगांचे चौकोन पालथे एकमेकांवर ठेवायचे, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव पाव इंचावर शिवण घालायची आणि मधून कर्णावर कापायचं. दोन घरं तयार. तीन इंची घर हवं तर चौकोन चार इंची घ्यावा आणि मग साडेतीनावर छाटावा. तिरकस कड आधीच शिवणीत गेलेली, म्हणून ती ताणत नाही. पुढं सगळ्या शिवणी सरळ : घराला घर, गल्लीला गल्ली.

कापण्याचं आणि कर्णाचं काम माझं, जोडणं आत्याबाईंचं. सरळ शिवण बोटांच्या अंदाजानं जमते, तिला डोळे लागत नाहीत. पहिली चांदणी झाली. त्यांनी ती गालाला लावली, मग अंगठा फिरवला आणि एका जागी थांबल्या.

"पाकळीले सांधा कसाना वं?"

माझी चोरी पकडली! पाकळीच्या पोटात शिवण आली होती. शिवाय ती शंकरपाळी न राहता थोडी लांबट झाली होती. खोटं कशाला बोलू? म्हटलं, "सांध्याशिवाय ही जुळत नाही, आत्याबाई."

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता हीही बाजूला जाणार. मग म्हणाल्या, "मन्ही चांदनी नई शे ही. तुन्ही शे." आणि दुसरी चांदणी मागितली.

तीनांच्या चार ओळी, म्हणजे बारा चांदण्या हव्या होत्या. मी बारांची घरं कापून ठेवली, पण आत्याबाईंनी अकराच केल्या. बारावीच्या जागी ती फुगलेली, जुनी चांदणी लावायला सांगितली. मी म्हटलं, उंचवटा बाळाला टोचेल. तर म्हणाल्या, पायाकडं लाव.

लावली. आता थर एकत्र धरणारा धावदोरा चालू आहे. रोज दुपारी मी सात-आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवते. संध्याकाळपर्यंत सगळ्या रिकाम्या झालेल्या असतात.