डोवाजॅकचें तळें आणि लांकडी मासोळी

ज्यांच्या घरीं मासळीचा वासहि चालत नाहीं, त्यांनीं गळ आणि आमिष यांविषयीं लिहावें, हें पाहून आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस आश्चर्य वाटेल. परंतु अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या नैर्ऋत्य भागांत, डोवाजॅक गांवाजवळ, आम्ही पुतण्याकडे राहावयास गेलों असतां जें पाहिलें, तें सांगण्याजोगें आहे.

या गांवीं जेम्स हेडन नांवाचे मधमाश्या पाळणारे गृहस्थ होऊन गेले. गिरणीच्या तळ्याकांठीं बसून चाकूनें लांकूड तासतां तासतां त्यांनीं एक ढलपी पाण्यांत फेंकली, आणि एका बास माशानें तिच्यावर झडप घातली, अशी कथा तेथें सांगतात. कथा कशीहि असो. १९०२ सालीं त्यांनीं आपल्या लांकडी आमिषाचें पेटंट घेतलें, आणि त्यांच्या कारखान्यामुळें गांवाचें नांव देशभर झालें. हेडनच्या नांवाचीं आमिषें आजहि विकलीं जातात.

आमच्या पुतण्याची आमिषांची पेटी म्हणजे जणू बायकांची दागिन्यांची पेटीच! त्यानें आम्हांस त्यांतील मर्म समजाविलें. बास हा थंड रक्ताचा प्राणी. पाण्याची ऊब वाढते तशी त्याची भूक वाढते. म्हणून आमिष ऋतु पाहून निवडावें. बर्फ वितळल्यावर पाणी गार असतें, तेव्हां मऊ रबरी किडा तळाशीं अगदीं सावकाश ओढावा. उन्हाळ्यांत पहाटे व सायंकाळीं पृष्ठभागावर खळबळ करणारें आमिष चालतें; दुपारीं मासा पाणगवताच्या सावलींत शिरतो, तेथें गळाचीं टोकें वर वळलेला पोकळ रबरी बेडूक, ताठ काठी आणि जाड दोरी हवी, नाहींतर मासा गवतांत गुंतून दोरी तुटते. शरदांत तो लहान माशांच्या थव्यांमागें धांवतो. त्या वेळीं चकाकणारी पाती असलेलें आमिष भरभर ओढावें. हिंवाळ्यांत तळें गोठतें. बर्फाला भोंक पाडून आंखूड काठीनें इवलेंसें आमिष हलवीत बसावें लागतें. पाणी नितळ असल्यास रंग साधा असावा, गढूळ असल्यास काळा किंवा भडक.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळीं आम्ही होडींतून निघालों. वडील वहिनीहि आल्या होत्या. कांठाजवळ दोन-तीन फूट पाण्यांत वाळूची एक स्वच्छ वाटोळी जागा दिसली आणि तिच्यावर एक मोठा मासा स्थिर उभा होता. पुतण्यानें काठी उचलली.

“हा इथून हालत कां नाहीं रे?” वहिनींनीं विचारलें.

“हा नर आहे, आई. पाणी सोळा-सतरा अंश सेल्सिअसपर्यंत तापलें म्हणजे हा शेपटीनें जागा झाडतो. मादी अंडीं घालून निघून जाते. हा राखण करतो, पिलें फुटल्यावरहि कांहीं दिवस त्यांच्यामागें असतो.”

“आणि तूं त्याला उचललास तर?”

“मी खात नाहीं, आई, लगेच सोडून देतों.”

“तेवढ्या वेळांत अंड्यांजवळ कोण?”

पुतण्या गप्प झाला. कारण त्याला उत्तर ठाऊक होतें. राखणदार बाजूला झाला कीं आसपासचे लहान मासे घरट्यावर तुटून पडतात. सोडलेला बाप परत येईपर्यंत पुष्कळ अंडीं फस्त झालेलीं असतात. पुष्कळ शौकीन सोडून देण्यांतच दया मानतात. ती इतर महिन्यांत खरीहि असेल.

त्यानें काठी खालीं ठेविली, पेटीची कडी लावली आणि वल्हीं हातीं घेऊन होडी खोल पाण्याकडे वळविली. वहिनी बराच वेळ मागें वळून पाहत होत्या. मासा आपल्या जागेवरून हलला नव्हता.

वर्षभराच्या आमिषांची विद्या आम्ही त्या दिवशीं शिकलों; परंतु कोणत्या दिवशीं पेटी उघडूंच नये, हें शिकल्यावांचून ती विद्या अपुरी राहिली असती, असें आम्हांस वाटतें.