वजनावरचा विश्वास

एखादी वस्तू हलत असेल तर तिला जड करा, नाहीतर जमिनीत पक्की रोवा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंग मशीनवर उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे या मताबद्दल मला कधी शंकाच आली नव्हती. नवं मशीन आलं की आधी खड्डा, मग काँक्रीटचं फाउंडेशन, त्यात बोल्ट, मग लेव्हल आणि शेवटी ग्राउटिंग. बेड ओतीव लोखंडाचं, वजनदार. म्हणून कट घेताना थरथर कमी. गावातलं शिवमंदिरही मला तेच सांगत आलं होतं. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं ते देऊळ दगडावर दगड रचून उभं आहे. वरचा थर आपल्या भाराने खालच्या थराला दाबून धरतो. इतकी शतकं टिकलेला पुरावा रोज डोळ्यांसमोर असताना माणूस दुसरा विचार कशाला करेल?

हे मत मी आता सोडलं आहे, निदान चाकांवर उभ्या असलेल्या घरापुरतं.

निवृत्तीनंतर मी एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. एकच अॅक्सल, दोन चाकं, आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी. तो वांगणीला एका मित्राच्या शेतात उभा केला. वांगणीच का, हे मुंबई-ठाण्याच्या आकाशप्रेमींना सांगायला नको. बदलापूरच्या पुढचं हे स्टेशन. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम इथे वर्षानुवर्षं होत आले आहेत, आणि शनीची कडी पहिल्यांदा वांगणीला पाहिली असं सांगणारे कितीतरी लोक भेटतात. मीही त्यातलाच. आता आजूबाजूला इमारती आणि दिवे वाढले, तरी डोंगराच्या अंगाचं आकाश अजून काळं मिळतं. माझी योजना अशी होती की ट्रेलरच्या मागच्या बाजूला लोखंडी मचाण जोडायचं, दुर्बीण त्यावरच कायमची बसवायची आणि पलंगावरून उठून थेट डोळा लावायचा.

त्यासाठी ट्रेलर मशीनसारखा स्थिर हवा होता. म्हणून चार कोपऱ्यांना चार स्क्रू जॅक लावले आणि चाकांवरचा भार जवळजवळ निघून जाईपर्यंत ते चढवले. पाण्याची टाकी काठोकाठ भरली. चाकांचे पाटे आणि टायर दोन्ही लवचीक, मग त्यांना या व्यवहारातून बाहेरच काढलेलं बरं, असा माझा हिशोब. ट्रेलरमध्ये उडी मारून पाहिली. खाली-वर होणं खरोखरच थांबलं होतं.

माझ्या बायकोला कानाच्या जुन्या तक्रारीमुळे चक्कर येते. ती पहिली रात्र तिने पलंगाची कड धरून काढली. सकाळी मी टाकीशेजारी सिमेंटच्या गोणी ठेवायचं म्हणत होतो, तेव्हा ती म्हणाली, "अहो, वजन नका वाढवू. हा खाली जातच नाही. बाजूला जातो. मला त्रास होतो तो बाजूला जाण्याचा."

आमच्या कामात कंपन तपासायचं तर पहिला प्रश्न असतो, कोणत्या दिशेने? हा प्रश्न मी ट्रेलरला विचारला नव्हता. कारखान्यातून आणलेला जुना डायल गेज काढला. जमिनीत एक लोखंडी पहार ठोकली, तिला मॅग्नेटिक स्टँड चिकटवला आणि डायलचं टोक मागच्या कोपऱ्यात चासीला टेकवलं. बायको आत ओट्यापासून पलंगापर्यंत चालली. टोक उभ्या दिशेला लावलं होतं तेव्हा काटा जागचा जेमतेम हलला. तेच आडवं लावलं आणि काटा पूर्ण फेरे घेऊ लागला. ती थांबल्यावरही तो दोन्हीकडे जात राहिला आणि हळूहळू निवला.

तो काटा पाहताना माझं मत बदललं. नंतर वाचन केलं, कागदावर आकडे मांडले, तेव्हा कारणंही नीट लागली.

पाट्यांवर उभी असलेली गाडीची बॉडी ढकलून सोडली तर साधारण सेकंदाला एकदोनदा झुलते. माणूस घरात सहज चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावलं टाकतो. म्हणजे आतल्या माणसाची चाल आणि ट्रेलरचा स्वतःचा झोका यांची लय जवळजवळ जुळते, आणि पाळण्याला वेळेवर झोका दिल्यासारखं प्रत्येक पाऊल आधीच्या हालचालीत भर घालतं. आता यात वजन वाढवलं तर काय होतं? पाऊल पडल्यावर बॉडी किती दबेल हे खालच्या आधाराच्या ताठपणावर ठरतं. टाकी भरलेली असो वा रिकामी, आधार तोच असेल तर दबणं तेवढंच. भाराने झोका संथ होतो आणि थांबायला वेळ घेतो, इतकंच. देवळाचा दगड दगडावर बसलेला असतो, म्हणून तिथे वजन कामाला येतं. इथे मधे आधारच डुलणारा होता.

चाकं उचलल्याने तर मी हातातलं चांगलं साधन घालवलं होतं. टायर जमिनीवर भार देऊन टेकलेले असतात तेव्हा ते आडव्या सरकण्याला विरोध करतात. तो भार काढून घेतला की सगळं घर चार उंच, बारीक पायांवर येतं. जॅक वरचा भार उत्तम पेलतो, पण त्याच्या बिजागऱ्यांत आणि स्क्रूत थोडी ढिलाई असतेच. चार उभे पाय आणि वर आडवी चासी हा चौकोन आहे, आणि चौकोनाला कोपऱ्यातून ढकललं की तो तिरका होतो. त्रिकोण होत नाही. रेल्वेच्या जुन्या गर्डर पुलांमधल्या तिरक्या पट्ट्या याच कारणासाठी असतात. मी स्वतः शेडच्या खांबांना क्रॉस पट्ट्या मारलेल्या आहेत. ट्रेलरच्या बाबतीत मात्र माझ्या डोळ्यांसमोर फक्त फाउंडेशन होतं.

आणखी एक लक्षण दारात दिसत होतं. जॅक जास्त चढवले की दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायचं आणि कडी लागायची नाही. ट्रेलरची चासी अॅक्सलवर भार घेण्यासाठी बनवलेली असते. कोपऱ्यातून उचलली की ती पिळते. दार घासायला लागलं की जॅक थोडा उतरवायचा, ही खूण मला आता कोणत्याही मापापेक्षा उपयोगी वाटते.

आता क्रम असा ठेवतो. आधी डावी-उजवी बाजू सारखी करायची, आणि ती जॅकने नाही, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून. मग दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी, हातोडीने ठोकून घट्ट. नुसत्या हँडब्रेकवर विसंबत नाही, कारण ड्रममधल्या थोड्या ढिलाईनेही ट्रेलर पुढे-मागे डुलतो. मग गाडीपासून सोडवून पुढच्या छोट्या चाकाच्या जॅकने लांबीची लेव्हल. चार कोपऱ्यांचे पाय अगदी शेवटी. ते जमिनीला टेकले की वर थोडासाच पीळ द्यायचा. चाकांवर भार राहिलाच पाहिजे. पाय फक्त झोका अडवण्यापुरते. जॅक जितका कमी बाहेर काढावा तितका तो ताठ राहतो, म्हणून खाली लाकडाचे जाड ठोकळे ठेवून उंची त्यांच्याकडून घेतो.

यानंतर तिरक्या पट्ट्या. एका पाइपात दुसरा पाइप सरकणारा आणि बोल्टने आवळता येणारा, असे चार आधार वसाहतीतल्याच एका वर्कशॉपमध्ये करून घेतले. मागच्या डाव्या जॅकच्या तळापासून चासीच्या उजव्या बाजूपर्यंत एक, उजव्याकडून डावीकडे दुसरा. उरलेले दोन लांबीच्या दिशेने. डायल पुन्हा आडवा लावला. बायको त्याच वाटेने चालली, आणि काट्याने एक फेराही पूर्ण केला नाही. जो परिणाम मी सिमेंटच्या गोणींनी मिळवू पाहत होतो, तो चार पाइपांनी दिला. त्यांचं सगळं मिळून वजन मी एका हाताने उचलतो.

दाराची पायरीही बदलली. आधी ती बॉडीलाच जोडलेली होती, त्यामुळे चढणाऱ्या प्रत्येकाचा भार दाराच्या कडेला येऊन ट्रेलर एका अंगाला झुकायचा. आता जमिनीवर सुटी लोखंडी पायरी आहे. आत झोपलेल्या माणसाला कोण आलं ते कळतसुद्धा नाही.

जमिनीबद्दल मात्र सावधपणे लिहितो. वांगणीची सपाट जमीन म्हणजे बहुतेक भातखाचरं. भात कापल्यावर वरचा थर कडक होतो आणि माणूस फसतो, कारण ऑक्टोबरात खाली ओल टिकून असते. जॅकचा पाय तळहाताएवढा. संध्याकाळी घट्ट केलेला, पहाटे बोटभर खचून मोकळा झालेला सापडतो. फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी खाली घातली की तोच भार कितीतरी पट जागेवर पसरतो. तरी पहिल्या रात्रीनंतर सकाळी चारही पाय पुन्हा आवळावे लागतात. पावसाळ्यात तर शेतात ट्रेलर ठेवतच नाही, रस्त्यालगतच्या मुरमावर आणतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. हा सगळा पट्टा पाण्याखाली कसा जातो ते त्या दिवशी आम्ही पाहिलं आहे.

माझ्या मतातला दुसरा बदल दुर्बिणीचा आहे, आणि तो मला जास्त जड गेला. तिरक्या पट्ट्यांनी ट्रेलर इतका शांत झाल्यावर मचाणाचा बेत पुन्हा डोक्यात आला. मग हिशोब केला. तीन मीटर लांबीच्या चासीचं एक टोक एका मिलिमीटरपेक्षाही कमी उचललं गेलं, तर दुर्बिणीची दिशा एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, बदलते. गुरू ग्रह पृथ्वीच्या जवळ असतानाही त्याचं बिंब पाऊण कलेच्या आसपास भरतं. म्हणजे आत कुणी कूस बदलली की शंभर पट मोठा दिसणारा गुरू आपल्या रुंदीपेक्षा जास्त अंतर उडी मारणार. माणसाला झोप लागायला पुरेशी स्थिरता दुर्बिणीच्या कामाची नाही, आणि दुर्बिणीला लागणारी स्थिरता चाकांवरच्या घराकडून मागणं हा त्या घरावर अन्याय आहे. मी दोघांना एकाच पायावर उभं करू पाहत होतो. आता मचाणाचं लोखंड विकून टाकलं आहे. दुर्बीण ट्रेलरपासून दहा पावलांवर, जमिनीत रोवलेल्या तीन फरशांवर, तिपाईचे पाय पूर्ण आखडून उभी असते. नातवंडं आत कितीही नाचली तरी शनीची कडी जागची हलत नाही. पलंगावरून उठून डोळा लावायचं स्वप्न गेलं, थंडीत चालत जावं लागतं. त्याची खंत आहे.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. कर्जत-वांगणीकडे शेतावर अशा गाड्यांना जागा द्यायचा विचार कुणी करत असेल, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की वीज आणि पाण्याइतकाच जमिनीचा विचार करा. मुरूम टाकून, रोलर फिरवून एक सपाट पट्टा तयार करा, चार पायांखाली येतील अशा फरशा बसवा आणि पट्टा बांधापेक्षा थोडा उंच ठेवा. तंबूंसाठी केलेली हिरवळ या गाड्यांना चालत नाही.

माझ्या ट्रेलरची पुढे-मागे होणारी हालचाल अजून पूर्ण गेलेली नाही. दोष पुढच्या छोट्या चाकाचा आहे. ते स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे तिथे घट्ट असं काही मिळतच नाही. त्या जागी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा, दोन पाय फाकवलेला स्टँड लावायचा आहे. त्याचं ड्रॉइंग तयार आहे. पाइप दीड इंची घ्यावा की दोन इंची, यावर वर्कशॉपवाल्याचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तो दोन इंचीवर अडून आहे. मला वाटतं, दीड इंचीत तिरकी पट्टी टाकली तर पुरेल.