चौदा तासांचं घड्याळ

अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईने प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे नायगारा, न्यूयॉर्कचा तो पुतळा नि डिस्नेलँड हे आलंच. मला त्यातलं काही सांगता येणार नाही, कारण मी ते पाहिलंच नाही. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर, मुलांना सासूबाईंच्या स्वाधीन करून, मी पाच आठवडे टेक्ससमधल्या ह्यूस्टनला धाकट्या दिरांकडे राहिले. त्यातले दोन दिवस त्यांच्या मालाच्या गाडीत, क्लीनरच्या जागी बसून, जवळपास सहाशे मैल गेले. ते दोन दिवस तुम्हाला सांगायचे आहेत.

आमचे भाऊजी इंजिनिअर. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत कचेरीतली नोकरी होती. २०२० साली तेलाचे भाव कोसळले (एप्रिलमध्ये एके दिवशी तर भाव शून्याच्याही खाली गेला होता) तेव्हा ती गेली. मग तीन-चार वर्षं इथे-तिथे काढली आणि शेवटी त्यांनी एक दणकट पिकअप गाडी, मागे चार चाकं असलेली, नि तिला जोडायचा उघडा सपाट ट्रेलर घेतला. सासूबाई पुण्यात विचारणाऱ्याला "त्याची स्वतःची कंपनी आहे" एवढंच सांगतात. खोटं नाही ते. कंपनी आहेच, तिच्यात ड्रायव्हर एक, आणि कचेरी म्हणजे माझ्या जावेचं स्वयंपाकघरातलं टेबल.

या धंद्याला तिकडे 'हॉटशॉट' म्हणतात. तेलाच्या विहिरीवर एखादा भाग मोडला की काम ठप्प होतं, आणि एक दिवस बंद म्हणजे हजारो डॉलरचं नुकसान. अशा वेळी मोठा ट्रक भरण्याची वाट बघत कोण बसणार? एक पिकअप, एक ट्रेलर, एकच नग, नि निघा. टेक्ससच्या तेलपट्ट्यातच ही पद्धत वाढली असं सांगतात. आता बांधकामाची यंत्रं, ट्रॅक्टर, लोखंडी पाइप असलं काहीही असं जातं. गाडी आणि ट्रेलर यांची मिळून ठरवून दिलेली वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या, म्हणजे पावणेबारा टनांच्या आत असली तर मोठ्या ट्रकचा परवाना लागत नाही. म्हणून नवखी माणसं इथूनच सुरुवात करतात.

मला वाटलं होतं, तातडीचा माल म्हणजे भरधाव गाडी. तसं मुळीच नाही. सगळा खेळ घड्याळाचा आहे, आणि ते घड्याळ मोठं कडक आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ड्रायव्हरला दिवसात ११ तासच गाडी चालवता येते. तीही कामाला हात लावल्यापासून १४ तासांच्या आत. आठ तास चालवल्यावर अर्धा तास थांबायचं. चौदा तास संपले की पुढे सलग दहा तास विश्रांती, त्याशिवाय चाक हलवायचं नाही. आणि हे चौदा तास एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. तुम्ही जेवा, रांगेत उभे राहा, गोदामातल्या माणसाची वाट बघा, घड्याळ आपलं चालूच. नोंद वहीत करायची सोयही बहुतेकांना राहिलेली नाही. २०१७ च्या डिसेंबरपासून इंजिनाला जोडलेलं यंत्रच ती करतं. मोठ्या ट्रकमध्ये निजायला पलंग असतो, त्यांना ही विश्रांती दोन हप्त्यांत घेता येते. पिकअपवाल्याला ती सवलत कुठली!

माझं जाणं ठरलं तेव्हा एक गंमत झाली. मालाच्या गाडीत परक्या माणसाला बसवायचं तर कंपनीची लेखी परवानगी लागते. भाऊजींनी जेवणाच्या टेबलाशी बसून कंपनीचा मालक म्हणून पत्र लिहिलं, सही केली नि ड्रायव्हर म्हणून स्वतःच्याच खिशात ठेवलं. माझ्यासाठी वेगळा विमाही उतरवला. जाऊबाईंनी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

माल होता विहिरीच्या तोंडावर बसवायचा झडपांचा जोड, सव्वादोन टनांचा. पोचवायचा न्यू मेक्सिकोतल्या हॉब्ज गावी, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. अंतर पुणे-नागपूर गाठून वर अडीचशे किलोमीटर. भाडं साडेबाराशे डॉलर. ऐकायला भरघोस वाटतं ना? जाऊबाईंच्या वहीत बघा. येता-जाता डिझेल साडेचारशे लिटर, म्हणजे चारशे डॉलरच्या वर. गाडीचा हप्ता. विमा दरमहा हजार डॉलरच्या पुढे, कारण कंपनी नवी. पैसे हातात पडणार तीस दिवसांनी. आधी हवे असतील तर उचल देणारा शेकडा काही कापून घेणार. शिवाय पुष्कळ दलाल तीन ते सहा महिने जुनी नसलेल्या कंपनीला माल देतच नाहीत. भाऊजींच्या कंपनीला तेव्हा चार महिने झाले होते. म्हणजे जो दलाल काम देतो त्याला नाही म्हणणं किती जड, ते आलं ना लक्षात?

सकाळी साडेसहाला भाऊजींनी गाडी तपासली, दिवे, टायर, साखळ्या. तिथे घड्याळ सुरू झालं. साडेसातला आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या गोदामाच्या फाटकावर. आत सांगितलं, "थांबा." आम्ही थांबलो. आठ वाजले, नऊ वाजले. फोर्कलिफ्टवाला दुसऱ्याच ट्रकच्या मागे. माझी चुळबुळ सुरू झाली, पण भाऊजी शांत. त्यांनी आल्या आल्या एकच केलं होतं: रखवालदाराकडून बिल्टीवर येण्याची वेळ लिहून सही घेतली नि तिचा फोटो घरी पाठवला. पहिले दोन तास थांबणं फुकट, त्यानंतर ताशी भरपाई अशी रीत आहे. पण वेळ लिहिलेली नसेल तर दोन तास थांबला होतात याला पुरावा काय? हे जाऊबाईंचं शिकवणं. दूधवाल्याचं कार्ड लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला ते सुचलं असतं.

सव्वादहाला निघालो. पावणेचार तास घरच्या घरीच संपले होते.

पट्टे आवळायचं काम बघण्यासारखं असतं. मालाच्या वजनाच्या निम्म्याला तरी पेलतील इतके पट्टे हवेत असा नियम. पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून ते तपासायचे, मग दर दीडशे मैलांनी किंवा तीन तासांनी. कोलंबसपाशी पहिली तपासणी झाली. तिथून ७१ नंबरचा रस्ता धरला तो थेट ब्रेडीपर्यंत सोडला नाही. बॅस्ट्रॉपला पाइनची झाडी लागते. २०११ च्या वणव्यात त्यातली पुष्कळ जळाली. ऑस्टिनच्या गर्दीत अर्धा तास गेला. त्यानंतर मात्र डोळे निवतील असा भाग आहे. चढउतार, बुटके ओक, मधूनच गुलाबी ग्रॅनाइटचे खडक. पावणेतीनला लॅनो या नदीकाठच्या गावी थांबून दशम्या खाल्ल्या. भाऊजी डाव्या हाताने खात होते नि उजव्या हाताने नकाशावर मैल मोजत होते. अर्धा तास पुरा झाला तसे उठलेच. गावातलं जुनं कोर्ट मला लांबूनच दिसलं.

ब्रेडी हे टेक्ससचं 'हृदय' म्हणवतं, कारण राज्याचा मध्य तिथे जवळच आहे. ते आम्ही नुसतं ओलांडलं. पुढे झाडं खुजी होत जातात नि मेस्किट सुरू होतं. मला ते ओळखीचं का वाटतंय म्हणून बघत राहिले, तर आपल्याकडची वेडी बाभूळ त्याच कुळातली. मराठवाड्यातल्या रस्त्याने चाललोय असं क्षणभर वाटलं. फक्त रस्त्यावर माणूस नाही.

साडेपाचला सॅन अँजेलोला डिझेल भरत होतो, तेव्हा दलालाचा फोन आला. विहिरीवरच्या माणसांना माल आज रात्रीच हवा होता. आजच पोचवलात तर तीनशे डॉलर वर देतो, म्हणाला. तिथून हॉब्ज चार तास. पोचायला पावणेदहा होणार, आणि आमचं घड्याळ साडेआठला संपणार. म्हणजे प्रश्न सव्वा तासाचाच. भाऊजींनी तसं सांगितलं तर तो म्हणाला, यंत्र 'खासगी प्रवासा'वर टाका, सगळे टाकतात.

भाऊजी लगेच बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते. तीनशे डॉलर म्हणजे काय ते मी वहीत पाहिलं होतं. रस्ता मोकळा, उजेड भरपूर, अंगात थकवा असला तरी दाखवण्याइतका नाही. कुणाला कळणार? "वहिनी, एक मिनिट," म्हणून त्यांनी घरी फोन लावला.

जाऊबाईंचा आवाज गाडीत घुमला. "अरे, आपण काय कबूल केलंय? उद्या सकाळी सात. तेवढंच सांग." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दीड वर्ष आपल्यावर नजर आहे, ते विसरू नकोस." नव्या कंपनीवर सरकार अठरा महिने लक्ष ठेवतं, नि सहसा पहिल्या वर्षातच तपासणीला माणूस येतो. माल लादलेला असताना मुक्कामाच्या दिशेने जाणं म्हणजे खासगी प्रवास नव्हे, हे त्या माणसाला यंत्रात बरोबर दिसतं. पण मला खरं सांगायचं तर तिच्या आवाजात त्या तपासणीची भीती नव्हती. तेरा तास जागा असलेला नवरा, मागे सव्वादोन टन लोखंड आणि तेलाच्या ट्रकांनी भरलेला अंधारातला दुपदरी रस्ता, ही भीती होती. ती तिने बोलून दाखवली नाही, एवढंच.

भाऊजींनी दलालाला नकार कळवला. त्याने "मग पुढच्या वेळी बघू" म्हणून फोन ठेवला. पुढचा तासभर गाडीत कुणी बोललं नाही. स्टर्लिंग सिटीच्या आसपास डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरत होत्या, शेकड्यांनी. त्यांच्याकडे बघत बसले.

आठला पाच कमी असताना मिडलंडच्या एका मोटेलच्या आवारात गाडी उभी राहिली. ऊन अजून होतं. हा पर्मियन तेलपट्टा, अमेरिकेतला सगळ्यात मोठा. जिकडे बघावं तिकडे घोड्याच्या मुंडीसारखे पंप वर-खाली होताहेत, आणि लांबवर वायू जाळणाऱ्या ज्वाळा. हवेला डांबरासारखा वास. एरवी भाऊजी मागच्या सीटवर पाय दुमडून रात्र काढतात नि मोटेलचे पैसे वाचवतात. माझ्यामुळे दोन खोल्या घ्याव्या लागल्या.

आता यातली खरी हुशारी ऐका. दहा तासांची विश्रांती सकाळी सहाला पाच कमी असताना पुरी होणार. हॉब्ज शंभर मैल. म्हणजे पोचायला आठ वाजणार, मग सातचा वायदा कसा? पण न्यू मेक्सिकोचं घड्याळ टेक्ससच्या या भागापेक्षा एक तास मागे आहे. यंत्रात मात्र ड्रायव्हरच्या घरची वेळच चालते. भाडं घेतानाच जाऊबाईंनी दलालाला विचारलं होतं, "सात म्हणजे कुणाचे सात?" आणि त्याच्याकडून उत्तर लेखी घेतलं होतं. त्या एका तासाच्या भरवशावर तिने हे काम कबूल केलं होतं.

पहाटे अंधारातच गाडी तपासून निघालो. अँड्र्यूज गाव मागे टाकलं तेव्हा उजाडत होतं. सपाट लाल माती, मेस्किट, पंप, पुन्हा मेस्किट. समोरून वाळूचे नि पाण्याचे ट्रक एकामागून एक येत होते. त्यांच्या वाऱ्याने आमची गाडी हलायची, तेव्हा कालचा सव्वा तास मला चांगलाच समजला. राज्याची हद्द केव्हा ओलांडली ते कळलंही नाही. युनिसवरून हॉब्जला पोचलो तेव्हा यंत्रावर आठला दहा कमी, आणि फाटकावरच्या घड्याळात सातला दहा कमी.

क्रेनवाला आठ वाजता आला. त्यांच्या आठ वाजता! रात्री पावणेदहाला पोचलो असतो तर माल उतरवला कुणी असता, हे मी भाऊजींना विचारलं. ते नुसते हसले नि बिल्टीवर वेळ लिहून घ्यायला गेले.

त्या दलालाने मी तिथे होते तोवर, म्हणजे पुढचे तीन आठवडे, एकही काम दिलं नाही. ठरलेलं भाडं मात्र मिळालं. गोदामातल्या थांबण्याची भरपाई चाळीस मिनिटांची निघत होती. तिच्यासाठी जाऊबाई फोटो जोडून पत्रं पाठवत होती, आणि मी निघेपर्यंत त्याचं उत्तर आलं नव्हतं.

परतीचं भाडं ही निराळीच कटकट. रिकामी गाडी म्हणजे डिझेल आपल्या खिशातून. हॉब्जहून डेन्व्हरचं एक भाडं समोर दिसत होतं, दरही बरा होता. जाऊबाईंनी ते सोडलं. तिकडून परत यायला काय मिळेल याचा नेम नाही, आणि शनिवारी थोरलीचा नाच होता. ओडेसाहून सॅन अँटोनिओला पाइप न्यायचे होते, पैसे कमी पण वाट घरची. ओडेसापर्यंत रिकामे आलो. दुपारी एकला आवारात शिरतोय तोच फोन वाजला, आणि भाऊजींनी तो माझ्या हातात दिला.

"ताई, पोचलात का? जेवलात?" आणि श्वासही न घेता, "फाटकावर वेळ लिहून घेतली का?"